सडा पाणी पितो

“ओता हो, अजून ओता! हात आखडू नका!”

उस्मान सारंग कमरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचे दोन गडी खड्ड्यात कळशीमागून कळशी उपडी करत होते. खड्डा गुडघाभर खोल, जांभ्या दगडात पहारीनं फोडलेला. मी कडेला उकिडवी बसले होते, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात खुणांची पट्टी. पाणी भरायचं आणि ते किती वेळात किती उतरतं ते पट्टीवर बघायचं, एवढंच माझं काम. पण पाणी पट्टीला लागेल तर ना! कळशी उपडी झाली की खाली कुठंतरी खळखळ व्हायची आणि खड्डा परत कोरडा.

“बघितलंत, मॅडम?” सारंगांचा चेहरा फुलला होता. “पिते! जमीन कशी पिते बघा! आमचा सडा आहे हा. कितीही पाजा, पुरे म्हणायचा नाही.”

गडी हसले. मला काही हसू येईना.

सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. उस्मान होडेकरांनी सगळी उमर मालवाहू बोटींवर काढली आणि निवृत्त होऊन तळबंदरला परतले, तरी गावानं ते नाव काही सोडलं नाही. गाव खाडीच्या काठावर. काठामागे एकदम चढ, आणि चढ संपला की सडा, जांभ्या दगडाचं मैलभर पसरलेलं पठार. वर मातीचा नुसता पापुद्रा, त्यात गवत आणि करवंदाच्या जाळ्या. या सड्याच्या टोकाला सारंगांनी जागा घेतली होती. तिथं त्यांना घर बांधायचं होतं, आणि घरात, अगदी खाटेला लागून, संडास.

यावरून ग्रामसभेत रणकंदन झालं होतं. सड्याच्या पलीकडच्या उतारावर भोवडवाडी, आणि त्या वाडीचा सगळा जीव एका झरीवर. वाडीचे प्रमुख, गावकर रघुनाथ भोवड उभे राहून गरजले, “सड्यावर संडास झाला तर ती घाण आमच्या झरीत उतरणार. मंग आमी काय पियाचं?” पंचायतीनं हात झटकले. तज्ज्ञाचा अहवाल आणा, मग परवानगी. तो तज्ज्ञ म्हणजे मी, पद्मजा. रत्नागिरीतल्या एका लहानशा कचेरीत नोकरीला, वय तिशीच्या आत आणि जीभ फटकळ. जीभ अजून तशीच आहे, वय तेवढं हातचं गेलं.

“मॅडम, तोंड का उतरलं?” सारंगांनी विचारलं. “पाणी जिरतंय म्हणजे शोषखड्डा झकास चालणार. गवंडीपण तेच म्हणाला.”

“गवंड्याला काय, खड्डा तुंबला नाही की झालं. काका, सेप्टिक टाकीतनं बाहेर पडतं ते दिसायला पाणी असतं, पण असते घाणच. ती मातीतनं सावकाश मुरत गेली तर माती तिला गाळते, साफ करते. इथं माती आहे कुठं? इथं नुसती भोकं आहेत. वरनं जे सोडाल ते जसंच्या तसं खाली जाणार.”

“खाली म्हणजे कुठं?”

“तेच तर ठाऊक नाही.”

मी खड्ड्यात वाकले. तळाशी मूठ जाईल एवढं बीळ उघडं पडलं होतं. त्यावर तळहात धरला तर आतनं गार वारा लागला. भर दुपारी, पाय भाजणाऱ्या सड्यावर, जमिनीच्या पोटातनं गार वारा! मी सरळ आडवी झाले आणि बिळाला कान लावला. आधी काहीच नाही. मग हळूहळू लांबून आवाज आला. थेंबांचा नव्हे, वाहत्या पाण्याचा. सलग, भरभक्कम, न थांबणारा.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुस्तकात वाचलं होतं की जांभ्याच्या पोटात पोकळ्या असतात, पाण्याच्या वाटा असतात. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण पायाखाली नदी चालली आहे आणि आपण तिच्या छपरावर पट्टी घेऊन बसलोय, हे काही कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

“काका, इकडे या. कान लावा.”

सारंग स्वच्छ पांढऱ्या झब्ब्यासकट लाल धुळीत आडवे झाले. बराच वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा मघाचा तोरा गेला होता.

“बोटीवर खालच्या खोलीत झोपलं की पत्र्यापलीकडे दर्या असा ऐकू येतो,” ते हळूच म्हणाले. “मी समजत होतो, आता आपण जमिनीवर आलो.”

तेवढ्यात ट्रॅक्टरची फटफट ऐकू आली. ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत जैतूनबी. सारंगांची बायको. चढ तिला चढवायचा नाही, म्हणून ही स्वारी अशी निघायची. दोघा गड्यांनी खुर्चीसकट तिला खाली उतरवलं.

“जैतूनबी, तुम्ही उन्हात कशाला आलात?” मी म्हटलं.

“मला अहोजाहो नको करूस गे. खाला म्हण, तुम्ही मावशी म्हणता तसं. आणि उन्हाचं काय, घर माझं आहे, बघायला नको?” ती काठी टेकत उठली. जमिनीवर तिनं आधीच दगड मांडून खोल्या आखल्या होत्या. “ये, तुला माझं घर दाखवते. ही ओटी. चप्पल काढ हो, आत आलीस! हे रांधपघर, इथं चूल. इथं माझी खाट. आणि हे बघ, खाटेवरनं हात लांब केला की संडासाची कडी. भिंतीला धरून जायचं, भिंतीला धरून यायचं.”

“एवढं कौतुक संडासाचं?”

“तुझे गुडघे शाबूत आहेत म्हणून हसतेस.” तिनं दगडाच्या खाटेशेजारी काठी रोवली. “आमचा संडास खाडीच्या बांधावर. उधाण आलं की भांड्यातनं पाणी वर येतं. गेल्या पावसात पहाटे पाय सरकला आणि बांधाखाली पडले. भरती चढत होती. हे मशिदीत. कमरेला पाणी लागेपर्यंत मी ओरडत होते, तेव्हा कुठं कोणीतरी आलं. तेव्हापासून तिन्हीसांजेनंतर मी पाणी पीत नाही, ठाऊक आहे तुला? घसा सुकतो, पण पीत नाही. उठायला लागू नये म्हणून.”

सारंग दुसरीकडे बघत होते.

“मला मोठं घर नको,” ती म्हणाली. “झोपायच्या आधी तांब्याभर पाणी प्यायचं आहे, पोटभर. एवढंच मागणं अल्लाजवळ आहे, आणि आता तुझ्याजवळ.”

त्या दिवशी घरी परतताना मी वरकरणी गप्प आणि मनातनं नुसती चरफडत होते. पाणी ओतलं की नाहीसं होतं, एवढ्यावर तिला नाही म्हणायचं? ते जातं कुठं हे तर कळलं पाहिजे! तेव्हा आमच्या कामात रंग सोडून बघायची पद्धत होती. विटकरी भुकटी असते, पाण्यात पडली की पेटल्यासारखी पोपटी होते. चिमूटभर भुकटी विहीर रंगवते. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरचा ओरखडा बघायला डोळ्यांत घालतात तीच ही. सड्यावर रंग सोडायचा आणि खाली जिथं जिथं माणसं पाणी पितात तिथं तिथं बघत बसायचं.

पंचायतीच्या कचेरीत मी सगळ्यांना बसवून सांगितलं. माती असेल तर ती घाण गाळते, दगडातली भोकं गाळत नाहीत, म्हणून हा खटाटोप. मग विचारलं, “पिण्याचं पाणी कुठून कुठून घेता, सगळं सांगा. एकही जागा सोडू नका.”

“आमची झरी,” भोवड ताडकन म्हणाले. “आन वाडीतल्या विहिरी.”

“मशिदीची बाव,” सारंग म्हणाले. दोघे एकाच वर्गात शिकलेले, पण ग्रामसभेपासून एकमेकांकडे बघतही नव्हते.

“नळाच्या टाकीची विहीर, ओढ्याकाठची,” शिपायानं भर घातली.

“आणखी?”

“आणखी काय! खाडी!” कोणीतरी बोललं, आणि सगळी कचेरी खो खो हसली. मीही हसले. खाडीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट.

रंग सोडला त्या सकाळी भोवड जातीनं हजर होते. बादलीतलं पाणी एका क्षणात हिरवंगार पेटलं तसे ते दोन पावलं मागे सरले.

“बाय, ह्ये इष नाय ना?”

“डोळ्यांत घालतात हे. पाहिजे तर आधी मी पिऊन दाखवते.”

“नको नको. तुमी पडलाव तर आमच्या डोक्यावर.”

बादली बिळात रिकामी केली. मागून ट्रॅक्टरनं आणलेलं टाकीभर पाणी सोडलं. सड्यानं ते सगळं गटागटा घेतलं आणि ढेकरही दिली नाही. मग आम्ही उतरून झरीवर जाऊन बसलो.

ते बसणं मी विसरणार नाही. कड्याच्या कुशीतनं मनगटाएवढी धार पडत होती, खाली दगडी कुंडी. वाडीतले बाप्ये पाळ्या लावून बसले होते. थोड्या थोड्या वेळानं मी काचेची बाटली भरून उन्हात धरायची आणि सगळी वाडी श्वास रोखून बघायची. सारंगही येऊन बसले. भोवडांच्या पाठीला पाठ लावून, दोघे दोन दिशांना तोंडं करून. एकाची प्रार्थना होती की रंग दिसू नये. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचीही तीच होती, पण हे दोघांना कोण सांगणार!

पहिला दिवस स्वच्छ. दुसरा स्वच्छ. वाडीच्या विहिरी, मशिदीची बाव, टाकीची विहीर, सगळीकडे पाणी आरशासारखं. तिसऱ्या दिवशी दुपारी भोवडांनी स्वतः बाटली उन्हात धरली, डोळे बारीक करून बघितली आणि खाली ठेवली.

“नाय येत आमच्या झरीत.”

“नाही येत,” मी म्हटलं.

“मंग माझी हरकत नाय.” माणूस सरळ होता. खरं दिसलं की मान्य करणारा. “पर बाय, एवढं पाणी गेलं कुटं?”

हाच प्रश्न मला तीन दिवस कुरतडत होता. पाणी गेलं म्हणजे कुठंतरी निघणारच, ते काय धूर आहे हवेत विरायला? पण पिण्याच्या ज्या जागा मला सांगितल्या होत्या त्या सगळ्या तपासून झाल्या होत्या. नियम तेवढंच विचारत होता. आणि डोळ्यांसमोर सारखी जैतूनखाला यायची, तिन्हीसांजेनंतर घसा सुकवून बसलेली. मी ठरवलं, योग्य म्हणून लिहायचं.

त्या संध्याकाळी सारंगांनी मला जेवायला घरी नेलं. घराची पायरी भरतीच्या पाण्यानं हिरवट पडलेली. ओटीवर बसल्या बसल्या ते नव्या घराच्या खिडक्या कुठं असतील ते हवेत बोटानं काढत होते. नुसते उधळले होते. अमावास्या जवळ आली होती, सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी होती, म्हणून त्यांच्या बहिणीची सून खाडीत शिंपल्या काढायला गेली होती. ती टोपलीभर तिसऱ्या शिंपल्या घेऊन आली, मागच्या दारानं रांधपघरात गेली, आणि देऊन निघूनही गेली.

“जैतून! मॅडमना भूक लागलीय!” सारंग ओरडले.

आतनं उत्तर नाही. भांड्यांचाही आवाज नाही.

“जैतून?”

खूप वेळानं ती काठी न घेताच, भिंतीला धरून बाहेर आली. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. ती तिनं माझ्या पुढ्यात, दिव्याखाली ठेवली.

“सरबत केलंस?” सारंग म्हणाले.

मी मात्र बाटली उचलून दिव्यासमोर धरली. बाटलीतलं पाणी पोपटी होतं. फिकं, पण पोपटी.

“खाला, हे कुठलं पाणी?”

“माहेरचं.”

“कोणाच्या माहेरचं?”

“सगळ्यांच्याच.” ती खाली बसली, गुडघे दाबत. “खाडीत, कालवांच्या खडपाच्या पलीकडे, मोठ्या सुकतीला वाळू उघडी पडते. तिथं वाळूतनं गोडं पाणी उसळतं. आम्ही बायका तिथं शिंपल्या काढतो, उन्हातान्हात वाकून वाकून जीव जातो, तेव्हा तिथंच ओंजळीनं पितो. तिथं बसतो, सासूला शिव्या घालतो, रडायचं असेल ती रडते. म्हणून माहेर म्हणतात. आमच्या मोहल्ल्यातल्या, भोवडवाडीतल्या, पलीकडच्या भोयांच्या, सगळ्या जणी तिथंच पितात. जिला चालवत नाही तिला बाटली भरून पाठवतात. मला पाठवतात आता.”

“मी जन्मलो इथं,” सारंग चकित होऊन म्हणाले, “मला ठाऊक नाही!”

“तुम्ही होडीतनं वरनं जाता. आणि तुम्ही होतात कधी इथं?”

मला पंचायतीतलं हसणं आठवलं, आणि त्या कचेरीत एकही बाई नव्हती, माझ्याशिवाय.

“सूनबाई म्हणाली, शेवाळ असेल,” जैतूनखाला बाटलीकडे बघत म्हणाली. “मी मोरीशी गेले होते. बाटली वाकडी केली होती. ओतून टाकली असती की झालं होतं.”

“मग?”

“मग काय! आणली बाहेर.”

त्या रात्री तिसऱ्या कोणी शिजवल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही होडीनं निघालो. वल्हं सारंगांच्या हातात. भोवडांनाही मी बोलावून घेतलं होतं, तुम्हाला कुटं गेलं ते बघायचं होतं ना म्हणून. जैतूनखाला हट्टानं आली. पाणी झपाझप ओसरत होतं, खडपं एकेक करून वर येत होती.

“मॅडम,” सारंग वल्हवता वल्हवता खालच्या आवाजात म्हणाले, “मी अडाणी माणूस. पण खाडी काय तुमच्या कागदात नाही ना? पिण्याच्या जागा बघितल्यात, सगळ्या साफ आहेत. दर्या एवढा मोठा, त्याला काय फरक पडतो? जगभरच्या बोटींची घाण पोटात घेतो तो. हिच्याकडे बघा. हिच्या गुडघ्यांकडे बघून लिहा.”

मी काही म्हणायच्या आत होडी खडपाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि वल्हं थांबलं.

कसं सांगू? मावळतीचं ऊन तिरपं पाण्यावर आलं होतं. सगळी खाडी करडी, गढूळ, आणि तिच्या मधोमध घोटाभर पाण्यात वाळू उकळत होती. खरंच उकळत होती. अंगणाएवढ्या जागेत ठिकठिकाणी वाळूचे कण नाचत वर येत होते, आणि त्यांच्यासोबत वर येत होतं पाणी, पोपटी, झळझळीत, आतनं उजेड असल्यासारखं. वर सड्यावर मुठीएवढ्या बिळात आम्ही ओतलं होतं ते. डोंगराच्या पोटातनं, झरीला चुकवून, गावाच्या खालनं, खाऱ्या चिखलाच्याही खालनं वाट काढत ते इथं येत होतं आणि भर खाडीत डोकं वर काढत होतं. आणि ते काल-परवापासून नव्हे. माणसं नव्हती तेव्हापासून येत होतं. आम्ही फक्त त्याला एकदा रंग लावला होता.

शिंपल्या काढणाऱ्या बायका टोपल्या कमरेवर घेऊन कडेनं उभ्या होत्या. एरवी कलकलाट करणाऱ्या, आज सगळ्या गप्प. त्यात भोवडांची बायकोही होती. भोवड तिच्याकडे बघत राहिले.

“तू हितं पितेस?”

“लगीन होऊन आले तवापासनं,” ती म्हणाली. “तुमच्या आयनंच दावलं.”

मी होडीतनं वाकून ओंजळ भरली. हा रंग पोटात गेला तरी बाधत नाही, हे मला ठाऊक होतं. प्याले. गार आणि गोड. चारी बाजूंनी मीठ, आणि मधे हे! माझे डोळे भरून आले. मी काही देवभोळी बाई नव्हे, पण तिथं मी हात जोडले, कोणाला ते मलाही माहीत नाही.

सारंगांनीही ओंजळ भरली. पाणी तोंडात धरून तसेच बसले, गिळेचनात. मग गिळलं आणि तोंडावर हात फिरवला.

“बोटीवर गोड्या पाण्याच्या टाकीची किल्ली माझ्याकडे असायची,” ते म्हणाले. “पोरं भांडी चाटायची, मी मोजून द्यायचो. आयुष्यभर दर्याला शिव्या घातल्या, एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही म्हणून. आणि हे इथं होतं. माझ्या घराखाली.”

मघाचा अर्ज त्यांनी परत काढला नाही. पण मागेही घेतला नाही. ते फक्त बायकोकडे बघत होते.

जैतूनखालानं काठी होडीत टाकली, पाय बाहेर सोडले, आणि कोणी धरायच्या आत ती पाण्यात उतरली.

“अगे, पडशील!”

ती पडली नाही. दोन बायकांनी पुढं होऊन तिला धरलं. त्या उकळणाऱ्या वाळूत उभी राहून, कष्टानं वाकून तिनं ओंजळ भरली आणि प्याली. परत भरली, परत प्याली. तिन्हीसांज होत आली होती. ती पोटभर प्याली.

मग माझ्याकडे वळली. “लिही पोरी. होत नाही म्हणून लिही.”

“जैतून, तुझे गुडघे—”

“गुडघे माझे आहेत,” ती नवऱ्याला म्हणाली. “त्यांच्या नावावर हे खपवू नका.”

सारंगांनी मान खाली घातली. मी म्हटलं, “खाला, दुसरा मार्ग बघू. बंद टाकी बांधता येते, पण ती उपसायला गाडी लागते, आणि ती गाडी आपल्या तालुक्यात नाही. दुसरीकडे कुठं जमीन—”

“जमीन कुठं आहे गे आमच्याकडे? जाऊ दे. भरती लागली बघ, मला वर घ्या.”

खरंच पाणी फिरलं होतं. पण उतरणं सोपं होतं, चढणं नाही. सारंगांनी वरनं हात ओढले, बायकांनी खालनं रेटलं, होडी कलली, आणि खाला काही केल्या वर येईना. पाणी तिच्या मांड्यांना लागलं. तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

तसे भोवड उठले, धोतराचा काचा मारला आणि धप्पकन पाण्यात उतरले.

“उस्मान, तू पण उतर. वरनं काय वढतोस, ती काय जाळं हाय? तू तिकडनं धर, मी हिकडनं.”

सारंग उतरले. दोघा म्हाताऱ्यांनी तिच्या पायांखाली हातांची बैठक केली आणि तिला उचललं. आणि तसंच धरून, पाण्यात उभ्या उभ्या, भोवड म्हणाले,

“माझ्या कलमांच्या बागेत जागा बघ घराला. माती हाय तिथं. पुरुषभर तरी. सड्यावरचा तुकडा मला दे, माझी गुरं चरतील.”

सारंग बघतच राहिले. “बाग तर तुझ्या झरीच्या डोक्यावर आहे!”

“बायनं सांगितलं ना, माती गाळते म्हणून? काय ओ बाय?”

“सांगितलं,” मी म्हटलं. “पण खणून आणि पाणी ओतून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तिथंही रंग सोडून बघणार.”

“मंग उद्याच खणा.”

“अरे पण तू तर माझ्या नावानं ग्रामसभेत बोंब ठोकलीस!”

“तुझ्या नाय. संडासाच्या.”

“मेल्यांनो,” जैतूनखाला दोघांच्या हातांवरनं किंचाळली, “आधी मला होडीत टाका, मग जमिनींचे सौदे करा!”

बायका हसल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदा. हसता हसता सगळ्यांनी मिळून तिला वर ढकललं, आणि ती माझ्या अंगावर येऊन आदळली, चिंब ओली.

दुसऱ्या दिवशी मी बागेत खणलं. माती खरंच पुरुषभर निघाली, पाणी इतकं सावकाश उतरलं की बघत बसलेल्या भोवडांना डुलकी लागली, आणि रंग झरीत शेवटपर्यंत आला नाही. घर पुढं तिथंच झालं. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी होडी परत निघाली. मागे खडपं बुडत होती, आणि त्या जागेवर भरतीचं करडं पाणी चढत होतं. खाली काय चाललंय त्याचा वरनं पत्ताही लागू नये असं.

खाला माझ्या कानाशी आली.

“पोरी, खरं सांग. काल ती बाटली मी मोरीत ओतली असती तर तुला कधी कळलं असतं?”

“नाही, खाला.”

“कोणालाच?”

“कोणालाच नाही. कधीच.”

ओल्या पदरानं तिनं माझं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, “वल्हवा की लौकर. कालच्या तिसऱ्या तशाच पडल्यात घरी.”